सल्ला द्यायचा नाही

“दोन्ही बाजू मी तुमच्यापुढे ठेवल्या,” डॉक्टर म्हणाला. “आता ठरवायचं तुम्ही.”

पोरगेलाच होता. बोलताना पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. मी म्हटलं, “तुमची आई माझ्या जागी असती तर तिला काय सांगितलं असतं?”

“तसं सांगता येत नाही हो काकू. संध्याकाळच्या आत कळवा, नाहीतर उशीर होईल.” एवढं बोलून त्याने टोपण लावलं आणि गेला.

आमचे हे आत पडले होते. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला त्यांचा. उंच इमारतींच्या पोटात दोराला लटकून कामं केली, कधी साधं खरचटलं नाही, आणि परवा घरात मोजे घालता घालता खुर्चीवरून कलंडले. डोक्यात रक्तस्राव. ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाण्याची भीती. निभावलं तर कदाचित उठतील, बसतील, पूर्वीसारखे माझ्यावर खेकसतील. नाही केलं तर काही महिने जीव राहील, पण असाच, डोळे अर्धे उघडे आणि नाकात नळी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि उडी कुठे घ्यायची ते मी सांगायचं.

दीर सकाळपासून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, “वहिनी, तुम्ही म्हणाल ते. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.” लेक परदेशात. विमान मिळेपर्यंत तिचा फोन चालू होता. तीही रडत रडत तेच म्हणाली, “आई, तुला योग्य वाटेल ते कर. मी आहे तुझ्या पाठीशी.” सगळे पाठीशी उभे होते. पुढे उभं राहायला कुणी तयार नव्हतं.

कॉरिडॉरच्या टोकाला एक बाकडं होतं. तिथे जाऊन बसले, फोन काढला आणि मंडळाला लिहिलं, ‘ऑपरेशन करू की नको? सांगा.’

मंडळ म्हणजे आमचं कुरकुर मंडळ. तरुणपणी नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत राहिलो, मग चार दिशांना पांगलो आणि गुडघे दुखायला लागल्यावर फोनवर पुन्हा एकत्र आलो. भोंगा पाळणाघर चालवते. तिने कुजबुजून पाठवलेला निरोपसुद्धा माझ्या शेजारणीला ऐकू जातो. लतीफ ग्रंथालयात आहे आणि सकाळच्या विनोदाला संध्याकाळी हसते, म्हणून ती लेट लतीफ, थोडक्यात लतीफ. मी कवळ्या बनवण्याच्या वर्कशॉपमध्ये मेणावर दात बसवते, म्हणून मी कवळी. आणि सिस्टर. आमच्यात थोरली, जन्मभर सरकारी इस्पितळात नर्स होती, आता सुनेच्या राज्यात निवृत्त.

रोज चहाच्या वेळेला जिने तिने आपली कुरकुर टाकायची. भोंग्याच्या पाळणाघरात कुणीतरी नाकात वाटाणा घातला. लतीफच्या गुडघ्याने संप पुकारला. माझ्या हातातच प्लास्टर घट्ट झालं आणि साचा वाया गेला. सिस्टरच्या सुनेने घरातल्या सगळ्या उशा बदलल्या आणि आता सिस्टरची मान वळत नाही. हे असलंच. ऐकणाऱ्याला वाटेल, ह्या बायकांना कामधंदा नाही. कामधंदा होता म्हणूनच तर हे लागायचं.

नियम एकच होता: सल्ला द्यायचा नाही. समोरचीने कितीही मूर्खपणा केलेला असो, आपण ‘तुझं बरोबर आहे’ एवढंच लिहायचं. सल्ला देईल तिने दंड म्हणून गाणं म्हणून पाठवायचं. एकदा भोंग्याला दंड झाला, ते गाणं ऐकलं आणि त्यानंतर सगळ्या सुतासारख्या सरळ झाल्या. नियम सिस्टरने घातला होता. ती म्हणायची, “वॉर्डात डॉक्टर यायचा आणि जायचा. उरलेला दिवस लोकांना मीच सापडायचे. सिस्टर काय करू, सिस्टर ह्यांना घरी नेऊ का, सिस्टर काय होईल. आता ते दुकान बंद.” आणि खरं सांगते, ह्या नियमाने आम्हाला तगवलं. घरी तोंड उघडलं की जो तो शहाणपण शिकवतो. इथे यावं, गाऱ्हाणं घालावं, ‘तुझं बरोबर आहे’ ऐकावं आणि भांडी घासायला उठावं.

तर मी लिहिलं आणि वाट बघत बसले. भोंग्याचं उत्तर लगेच आलं. ‘तुझं बरोबर आहे गं. तू ठरवशील ते बरोबरच असेल.’ पुढे जोडलेल्या हातांची चित्रं. लतीफ जन्मात पहिल्यांदा वेळेवर आली. ‘तुझं बरोबर आहे. आम्ही तुझ्या पाठीशी.’

माझं डोकंच फिरलं. फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आपटला नाही, लिहिलं. ‘मला बरोबर नकोय. पाठीशी तर कुणीच नकोय. कुणीतरी सांगा ना गं काय करू ते. मला कळत नाहीये. मला वेड लागेल.’

त्यावर सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. कॉरिडॉरमधून एक बाई बादली आणि फडकं घेऊन गेली, तिने मला पाय वर घ्यायला सांगितलं, मी घेतले. निदान एवढं तरी कुणीतरी सांगितलं. सिस्टरच्या नावाखाली ती लिहितेय असं दिसायचं, मग बंद व्हायचं, पुन्हा दिसायचं. मी त्या अक्षरांकडे बघत राहिले.

मग मंडळावर तिचा बोललेला निरोप आला. आधी नुसता श्वास, आणि मग तिचा वॉर्डातला आवाज, जो आम्ही वसतिगृहातही ताप आल्यावरच ऐकायचो.

“कवळे, ऐक. ऑपरेशन कर. असे पडलेले मी खूप पाहिलेत, आणि त्यांच्या उशाशी बसलेल्याही पाहिल्यात. तुझा नवरा हवेत लटकून काम करणारा माणूस, त्याला खाटेला खिळवून ठेवू नकोस. मी सांगतेय म्हणून कर. आणि बरंवाईट झालं तर म्हण, सिस्टरने सांगितलं. माझ्या डोक्यावर टाक आणि मोकळी हो.”

दंडाचं नाव कुणी काढलं नाही. मी उठले, दिरांना म्हटलं “करूया,” आणि सही करून आले. दिरांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. माझ्याही आला असणार. त्या घटकेला मला सिस्टरचे पाय धरावेसे वाटले होते.

ते टेबलावरून परत आले नाहीत.

मंडळावर मी दोनच शब्द टाकले: ‘हे गेले.’ भोंगा आली, लतीफ आली, दोघी प्रवास करून घरी आल्या, भोंगा तर चार खोल्यांना ऐकू जाईल असं रडली. सिस्टर आली नाही. तिचा फोन नाही, निरोप नाही. थोड्या दिवसांनी मंडळ उघडलं तर एक ओळ दिसली: सिस्टर बाहेर पडली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी खरोखरच तिच्या डोक्यावर टाकलं होतं. स्वयंपाकघरात उभी असताना, न्हाणीघरात, बसच्या रांगेत मनात एकच चालायचं: हिने सांगितलं नसतं तर ते असते. नाकात नळी घालून असते, पण असते. मी त्यांचे पाय पुसले असते, नखं कापली असती, त्यांच्याशी बोलले असते. अर्धे उघडे डोळे मला चालले असते. कुणी मला विचारलं का चालतील का म्हणून? विचारलं मीच होतं, आणि सांगितलं तिने, हे माहीत असूनही राग काही जात नव्हता. ती म्हणाली होती मोकळी हो. मोकळी कुठली? नवऱ्याच्या जोडीला मैत्रीणही गेली.

लेक परत गेली. मी कामावर जायला लागले. मेणाच्या हिरड्या, त्यावर रांगेने दात, कुणाचे ते मला ठाऊक नसतात. मालक जपून बोलायचे, सगळेच जपून बोलायचे. मंडळावरही कुणी कुरकुर करेना. माझा नवरा मेलेला, तिथे लतीफने गुडघा कसा सांगायचा? चहाच्या वेळेला फोन हातात घ्यायची सवय राहिली होती. घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

एका रविवारी सकाळी दीर आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. निघताना चपला घालत म्हणाले, “वहिनी, दादाची हत्यारांची पेटी पडूनच आहे ना? मी नेऊ का? माझ्या कामाला येईल. म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं.”

“सांगते,” मी म्हटलं.

पेटी दाराआड होती. दिवसातून एकदा तरी माझा पाय तिला लागायचा. द्यावी तर जीव जात होता, ठेवावी तर रोज डोळ्यांसमोर. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. साधी पेटी, पण मला काही ठरवता येईना. अशी बसलेली असताना भोंग्याचा फोन आला.

“कवळे, तू सिस्टरशी बोललीस का? ती माझा फोन उचलत नाही. मी तिच्या सुनेशी बोलले. तू एकदा बोल तिच्याशी.”

“मी कशाला बोलू?” मी म्हटलं.

“बोल,” भोंगा म्हणाली, आणि चमत्कार म्हणजे हळू म्हणाली.

मी सिस्टरच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, “मावशी, बरं झालं तुम्ही केलात. आईंचं काही कळतच नाही. काही विचारलं की ‘तू ठरव’. आज स्वयंपाक काय करू, तू ठरव. दार लावू का, तू ठरव. औषधं घ्यायची तर गोळी हातात धरून बसतात. परवा माझ्या मुलीने विचारलं, आजी, बाहेर थंडी आहे, स्वेटर घालू का? तर तोंडावर पदर घेऊन रडायलाच लागल्या हो. उशांवरून माझ्याशी भांडत होत्या तेच बरं होतं.”

जन्मभर माणसांना कुशीवर वळवणारी, दटावून औषध पाजणारी बाई, तिला पोरीला स्वेटर घाल म्हणता येईना. तिने दुकान बंद केलं होतं. मीच दाराशी जाऊन ऊर बडवला आणि ते उघडायला लावलं. त्या संध्याकाळी एवढ्या माणसांत एकटी ती पुढे उभी राहिली, आणि मी तिला तिथेच उभी ठेवून निघून आले.

“फोन त्यांच्या कानाशी धर,” मी म्हटलं.

“बोलायच्या नाहीत त्या.”

“ऐकतील तरी.”

तिकडे काहीतरी खुडबुडलं, मग श्वास ऐकू आला. तुझं काही चुकलं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. असं तिला सगळ्यांनीच सांगितलं असणार, आणि जे म्हणतात ते मनात उलटंच धरतात हे नर्सला कळणार नाही का?

“सिस्टर, ह्यांची हत्यारांची पेटी भाऊजी मागतायत,” मी म्हटलं. “देऊ की ठेवू?”

अगदी बारीक आवाज आला. “तू ठरव.”

“मला ठरवता येत नाही. तू सांग.”

“मला विचारू नकोस गं. हात जोडते तुला, मला परत काही विचारू नकोस.”

“तुलाच विचारणार,” मी म्हटलं, आणि मग मला आवरेना, हुंदके यायला लागले. “दुसरं कोण सांगतंय मला? सगळे पाठीशी उभे आहेत गं, सिस्टर. मी पेटीपुढे बसलेय आणि मला उठता येत नाहीये. तू सांग. देऊ की ठेवू?”

ती रडत होती. मीही रडत होते. सुनेने फोन तसाच धरून ठेवला असावा, कारण मध्येच कप आपटल्याचा आवाज येत होता, पोरीचा आवाज येत होता.

“जुनी आहे का?” सिस्टरने विचारलं.

“लग्नाआधीची.”

“आत काय आहे?”

मी झाकण उघडलं. “पाने आहेत. पक्कड आहे. एक पाना गंजायला लागलाय.”

“किती गंजलाय?”

“कडेकडेने.”

नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मग आधी सगळे पुसून घे. तेल लाव. देणंघेणं नंतर. गंजलेली वस्तू कुणाला देऊही नये आणि घरात ठेवूही नये.”

“बरं,” मी म्हटलं.

“आत्ता लाव. नंतर करते म्हणशील आणि विसरशील.”

मी उठले, तेल आणि जुनं फडकं आणलं, फोन जमिनीवर ठेवला आणि पेटी पुढ्यात ओढली. गंजलेला पाना आधी घेतला. तिकडून सिस्टर कुणाला तरी म्हणत होती की बाहेर ऊन आहे, स्वेटर काढ. मग मला म्हणाली, “दांड्यालाही लाव गं, नुसतं तोंडाला नको.”

“लावतेय,” मी म्हटलं, आणि पुढचा पाना उचलला.