बाबागाडी नको, वॅगन

दोन पोरं घेऊन बाहेर पडायचं तर गाडी हवी, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो कोणती घ्यायची यावर. सोमशेखरने मोबाइलवर दोन सिटांची बाबागाडी पसंत करून ठेवली होती. शेजारी शेजारी दोन खुर्च्या, पाठीला ताठ आधार, छातीवरून पट्टे. पंपांचं दुकान चालवणारा माणूस. चाकं, बेअरिंग, दांडे यातलं त्याला कळायचं, आणि चार दिवस खपून त्याने ती शोधली होती. थोरल्या शांभवीचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनीही तेच सांगितलं होतं. पोरीची पाठ सरळ राहिली पाहिजे, टेकू नसेल तिथे फार वेळ बसवू नका. दाक्षायणीने दोघांचं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि ऑर्डर दिली ती वॅगनची. चार चाकं, वर कापडी पेटी, पुढे ओढायला दांडा, रंग लालभडक.

"त्यात मुलं समोरासमोर बसतात," तिने नवऱ्याला सांगितलं. "भाजीची पिशवी राहते. मोठी झाली तरी वापरता येते. बाबागाडी दोन वर्षांत अडगळीत जाते की."

कारणं चोख होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि खोटं बोलायची याहून चांगली रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

खोकं उघडलं तेव्हा सासू बसव्वा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. वळसंगच्या शेतकरी घरातून आलेली बाई. माहेरची कानडी आणि सासरची मराठी तिच्या तोंडी एकाच पिशवीत नांदायची. "अय्यो, हातगाडी आणलीस व्हय गं? आता मेथी घ्या, शेपू घ्या म्हनत फीर की कॉलनीत."

"फिरेन की, अत्ती," दाक्षायणी म्हणाली आणि चाकं बसवायला घेतली.

खरं कारण बागेतल्या एका बाकावर होतं. शांभवी फेब्रुवारीत पाच वर्षांची होणार होती. जन्मताना तिचा श्वास कोंडला आणि पाय कायमचे ताठरले. ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. डोकं मात्र तल्लख. आजीची कानडी, आईची मराठी, टीव्हीवरची हिंदी, सगळं तिला कळायचं. धाकटा गुरुशांत पोटात येईपर्यंत दाक्षायणी तिला कडेवर घेऊन फिरायची. पोट वाढायला लागलं तेव्हा कंबर बोलू लागली, म्हणून जुनी बाबागाडी काढली. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या सोसायटीमागे एक बाग आहे. तिथल्या बाकावरची एक अनोळखी बाई म्हणाली, "एवढी मोठी पोरगी अजून बाबागाडीत? चालत नाही का?" मग तिने शांभवीच्या पायांकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून "अरेरे" निघालं.

शिवी चालली असती. दाक्षायणी शिवीला शिवी देणाऱ्यांतली होती. पण अरेरेला काय उत्तर देणार? त्या दिवसापासून तिला बाबागाडी नकोशी झाली. बाबागाडीत मोठं मूल बसलं की लोक कारण विचारतात. वॅगनमध्ये बसलं तर कुणी विचारत नाही. तिथे आठ-दहा वर्षांचे टोणगेसुद्धा उड्या मारून बसतात. एवढा एकच हिशेब होता तिचा, आणि तो तिने कुणाला सांगितला नाही.

पहिल्याच संध्याकाळी हिशेब खरा ठरला. एका टोकाला दहा महिन्यांचा गुरू, दुसऱ्या टोकाला शांभवी, तिच्या पाठीमागे दोन उशा आणि मांडीवर शाल. तळमजल्यावरचे चन्नप्पा काका हसून म्हणाले, "राणीसाहेबांची स्वारी निघाली काय?" वॉचमनने सलाम ठोकला. बागेतली पोरं मागे लागली, "काकू, आमाला पन बसवा की!" शांभवीने आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी आपल्यावर जळताना पाहिलं आणि ती खिदळत सुटली. उशा अर्ध्या तासात घसरल्या, पोरगी एका कुशीला कलली, पण दाक्षायणी त्या दिवशी घरी आली ती गाणं गुणगुणत.

बसव्वाच्या हे लक्षात यायला आठवडा लागला नाही. शाळेची पायरी न चढलेली ती बाई असल्या गोष्टींत सगळ्यांच्या पुढे होती. चार दिवस गाडीला हातगाडी म्हणून हिणवणारी सासू एका सकाळी स्वतःच फडकं घेऊन चाकं पुसताना दिसली, तेव्हाच दाक्षायणीच्या मनात पाल चुकचुकली.

कारण होतं धनलक्ष्मी. सोमशेखरची ही धाकटी बहीण एकोणतीस वर्षांची, एका शाळेत शिकवायची. दोन वर्षांपूर्वी एक स्थळ जवळजवळ जमलं होतं. मंडळी दुसऱ्यांदा घरी आली, आणि दाक्षायणी शांभवीला उचलून आतून बाहेर आली. ताठरलेले ते दोन पाय सगळ्यांनी पाहिले. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला: तुमच्या रक्तातच काही असेल, नको. तेव्हापासून घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. धनलक्ष्मीने तर नाहीच. ती दर रविवारी शांभवीचं डोकं धुऊन द्यायची, पूर्वी द्यायची तसंच. पाहुणे आले की बसव्वा मात्र नातीला आतल्या खोलीत टीव्हीपुढे बसवायची आणि दार ओढून घ्यायची.

आता अक्कलकोटचं स्थळ आलं होतं. मुलाची आई, शिवबाई, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येते म्हणाली होती. नुसतं घर बघून जाते, बाकी काही नाही.

"त्याच दिवशी गुरूचं बोरन्हाण करू," बसव्वाने जाहीर केलं. "दोगांनाबी त्या गाड्यात बसवायचं. झेंडूच्या माळा लावू. लेकरांचं कौतुक व्हतंय, आन्…"

"आणि काय, अत्ती?"

"आन् कुनी काय इचारत न्हाय." बसव्वाने सुनेच्या डोळ्यांत डोळे घातले. "तुज्यामुळं माजी पोरगी एकदा बसलीय घरी. एका दुपारची तर गोष्ट हाय."

सोमशेखर म्हणाला, "आज लपवाल. उद्या कळणारच की." एवढं बोलून तो दुकानात निघून गेला. खरं बोलायचं आणि लगेच चपला घालायच्या, ही त्याची जुनी सवय.

दाक्षायणीला नाही म्हणता आलं असतं. पण कुठल्या तोंडाने? लपवायचीच होती म्हणून तर गाडी आणली होती. बसव्वाने फक्त तिचीच युक्ती हॉलमध्ये आणली होती. "बरं," ती म्हणाली. शांभवी तिथेच जमिनीवर लोळून चित्रं रंगवत होती.

बोरन्हाणाच्या दुपारी हॉलमध्ये सतरंजी अंथरली. मधोमध वॅगन, झेंडूने मढवलेली. दोघांच्या अंगात काळे कपडे, गळ्यात-हातांत हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचे मुकुट. शांभवीच्या पायांवर दाक्षायणीने जरीकाठी शाल घातली आणि पाठीशी तीन उशा कोंबल्या. सोसायटीतल्या बायका आल्या, त्यांची पोरं आली. शिवबाई आली ती भरजरी साडीत, बरोबर चार वर्षांची नात घेऊन. बाई मोकळी होती, हसरी होती. दाक्षायणीला तिचा राग करायचा होता, आणि तो करता येत नव्हता.

"काय झ्याक शक्कल काढलीय गं!" गाडीकडे बघून ती म्हणाली. "रथच की ह्यो."

औक्षण झालं. बसव्वाने मोठं पातेलं उचललं आणि बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा, चॉकलेटं दोघांच्या डोक्यावरून ओतली. आणि पोरं तुटून पडली. बोरन्हाण म्हणजे तेच असतं, पोरांनी लुटायचं. सगळी सोसायटी सतरंजीवर गुडघ्यांवर रांगत होती, एकमेकांच्या हातातलं हिसकावत होती. इतक्या दिवसांच्या तयारीत, माळा ओवताना, हलवा आणताना, हे दाक्षायणीच्या डोक्यातच आलं नव्हतं. बागेत गाडीत बसून राहिलेलं चालतं. लुटीच्या वेळी कुठलं मूल गाडीत बसून राहतं?

गुरू चुरमुरे तोंडात घालत होता. शांभवी गाडीच्या कडेवरून वाकून खाली पाहत होती. एक सोनेरी कागदाचं चॉकलेट अगदी चाकापाशी पडलं होतं. तिने हात लांबवला. पोचला नाही. शिवबाईच्या नातीने ते उचललं.

"अगं, तू पन उतर की," शिवबाई म्हणाली. "बसून काय ऱ्हायलीस? सगळं संपंल की."

"लाजती ती," बसव्वा घाईने म्हणाली.

"आपल्याच घरात कसली लाज? चल, मी उतरिवते." आणि हौशी शिवबाईने पुढे होऊन दोन्ही हात शांभवीच्या काखेत घातले.

दाक्षायणीच्या हातात तिळगुळाचा डबा होता. उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकणार, टाचा जमिनीला टेकणार नाहीत, हे तिला दिसत होतं. स्वयंपाकघराच्या दारात धनलक्ष्मी चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली होती, पांढरीफटक. एक वाक्य पुरे होतं. तिला उभं राहता येत नाही. पाच वर्षांत दाक्षायणीने ते परक्यांसमोर कधी उच्चारलं नव्हतं. शांभवीने मान वळवून आईकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. दाक्षायणीने डब्याचं झाकण घट्ट केलं.

"न्हाई!" शांभवी किंचाळली. "मी न्हाई उतरनार! माजी गाडी हाय! कुनाला देनार न्हाई, जावा!"

दोन्ही हातांनी तिने गाडीची कड धरली आणि असा काही टाहो फोडला की गुरूही रडायला लागला. मुकुट तुटला, हलवा गाडीभर सांडला. शिवबाईने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

"अगं बाई! लई हट्टी हाय की पोरगी!"

"व्हय की, लई हट्टी," बसव्वा म्हणाली. "आईनं लाडावून ठिवलंय नुसतं."

सगळ्या बायका दाक्षायणीकडे बघून हसल्या.

"हो," दाक्षायणी म्हणाली. "हट्टीच आहे ती."

"एक धपाटा घालायचा पाठीत," शिवबाईने मायेने सल्ला दिला. "पोरीची जात, पुढं जड जातंय." आणि दाक्षायणी त्यावर हसली. सगळ्यांबरोबर, दात दाखवून हसली. आपल्याच हसण्याची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

जाताना शिवबाईने बसव्वाचा हात हातात घेतला. मुलगी पसंत आहे, सोमवारी बोलणी करायला या. पाहुण्यांची रिक्षा वळली तशी बसव्वा धावत आत आली, शांभवीच्या गालांवरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. "माजी शानी गं बाई ती!" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धनलक्ष्मी ओट्याकडे तोंड करून कप धूत होती. धुतलेले कप पुन्हा धूत होती.

संध्याकाळी दाक्षायणीने शांभवीला आतल्या पलंगावर आडवं केलं आणि केसांत अडकलेला हलवा एकेक करून काढायला घेतला. पोरीच्या बरगडीवर गाडीच्या कडेचा लाल वळ उठला होता. पाठ दुखत असणार. ती कुशीवर वळतानाही दात आवळत होती.

"आई, मी लई मोठ्यानं ओरडले ना?"

"हो गं."

"खरं रडू येत न्हवतं. गुरू रडतो तसं केलं."

"का गं केलंस तसं?"

"तू काईच बोलत न्हवतीस ना," शांभवी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. झालं ते सांगावं तसं सांगितलं. "मी बगितलं तुज्याकडं. मग मीच केलं. आता आत्याचं लगीन हुनार ना?"

"होणार."

शांभवीने विचारलं, "लग्नात पन मी असाच हट्ट करायचा? की घरी ऱ्हायचं?"

जवळ घ्यावं, माफी मागावी, आत्ता उठून शिवबाईला फोन करावा, सगळं दाक्षायणीच्या मनात येऊन गेलं. तोंडातून शब्द आला तो एवढाच, "बघू."

"मी घरीच ऱ्हाते," शांभवी म्हणाली. "ओरडलं की घसा दुकतो."