ओली वाळू

धाकटीने फ्रीजमधून पोलीस इन्स्पेक्टरची पँट बाहेर काढली, झटकली आणि पलंगावर ठेवली. तिच्यामागून मुख्याध्यापिकाबाईंचे दोन झगे आले, एका नवऱ्या मुलाचा बाह्या लांब झालेला कोट आला आणि शेवटी एक मखमली पडदा, जो कुणाचा ते तिला आता आठवत नव्हतं. मधल्या जाळ्या काढून ताईने आत आडवी दांडी बसवली होती. दाराला रबर असल्यामुळे धूळ नाही, कसर नाही, झुरळाची तर काय बिशाद. शिवायला आलेल्या कपड्यांसाठी याहून चांगलं कपाट बाजारात मिळणार नाही असं ताईचं मत होतं, आणि ताईच्या मतावर या घरात अपील नसे.

आज मात्र त्याला पुन्हा फ्रीज व्हायचं होतं. दुपारी दादा येणार होता.

दांडी काढून तिने जाळ्या पुसून बसवल्या. पाण्याची एक बाटली ठेवली, चार लिंबं ठेवली, पाव ठेवला. तरीही आत एवढं मोकळं दिसत होतं की तिने पाव मधोमध सरकवला. मग प्लग लावला. फ्रीज आधी खोकला, अंग झाडल्यासारखा हलला आणि घरघर करू लागला. त्या आवाजाची सवय गेली होती. मशीनवर बसूनही तिला सारखं वाटत राहिलं की स्वयंपाकघरात कुणीतरी आलंय.

वर्षभरात सगळंच अंगावर आलं होतं. गॅस, तेल, साबण, बसचं भाडं. लोक काटकसर करताना तोंड पाडतात. ताई काटकसर करताना शिट्टी वाजवायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, आणि रोग्याकडे पाहावं तसं एकेका खर्चाकडे पाहायची: हा जगवायचा, हा जाऊ द्यायचा. भाताला उकळी आली की पातेलं उतरवून जुन्या रजईत गुंडाळायचं. गॅसने उकळी आणावी, पुढचं काम रजईचं, तिला दुसरं काय काम असतं दिवसा? पेपर वरच्या मजल्यावरून शिळा यायचा. बातम्या शिळ्या झाल्या की कमी बोचतात, असं ती म्हणायची. फ्रीजची पाळी आली तेव्हा धाकटी पहिल्यांदाच नको म्हणाली होती, कारण तो दादाने दिलेला होता. मॅनेजर झाला त्या वर्षी दोन हमालांकडून त्याने तो वर चढवला होता आणि स्वतःच्या हाताने प्लग लावेपर्यंत दोघींना समोर उभं ठेवलं होतं.

आणि आज दादाची सही हवी होती. घरमालकाने भाडं वाढवलं होतं. तेही दोघींनी कसंबसं बसवलं असतं, पण नव्या करारावर त्याला जामीनदार हवा होता. घरातल्या कर्त्या माणसाची सही आणा, असं तो जिन्यात उभा राहून म्हणाला होता. मग आम्ही कोण, भाडेकरूंची मांजरं का, असं ताईने विचारलं, तेव्हा तो नुसता हसला होता. सही नसेल तर महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या.

दादा फोनवर हो म्हणाला नव्हता आणि नाहीही. येऊन बोलतो, एवढंच. पण त्याच्या मनात काय आहे ते तो गेले कित्येक महिने सांगत होता. भाडं म्हणजे पैसे पाण्यात. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. घरखर्चाला थोडंफार द्या, म्हणजे तुम्हालाही मिंधं वाटणार नाही. ताई म्हणाली होती की त्या खोलीत शिवणाचं मशीन मावेल, पण मशीनचा आवाज मावणार नाही. वहिनीचं डोकं लगेच दुखतं. गेली वीस-बावीस वर्षं धाकटी सकाळी उठून खिडकीपाशी मशीनवर बसत होती. त्या खिडकीशिवाय आपण कशा दिसू, हे तिला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं.

दादा आला तो घामाने डबडबून. गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे म्हणाला. बूट काढले आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. दुसऱ्याच्या घरात आधी विचारावं ही रीत त्याने बहिणींच्या घरात कधी पाळली नव्हती. धाकटी मशीनवरून उठेपर्यंत त्याने फ्रीज उघडून बाटली तोंडाला लावलीही होती.

"गरम आहे," तो म्हणाला.

"आत्ताच भरली रे."

त्याने बाटली ठेवली. पावाकडे पाहिलं, लिंबांकडे पाहिलं, आणि खाली वाकून भाजीचा कप्पा ओढला. तो रिकामा करायचं धाकटीच्या ध्यानातच आलं नव्हतं. आत औषधांच्या रिकाम्या खोक्यांमधून वेगवेगळ्या रंगांची बटणं नीट लावून ठेवली होती. एका कोपऱ्यात चेन, हुक, इलॅस्टिकची गुंडाळी.

"भाजी महाग झाली म्हणून ही शिजवता का?"

धाकटीने गळ्यातला टेप काढून बोटांभोवती गुंडाळायला घेतला.

दादा खुर्चीवर बसला आणि बोलू लागला. आवाज चढवला नाही, त्याला कधी चढवावा लागत नसे. फ्रीजमध्ये बटणं ठेवायची वेळ आली आणि तुम्ही माझ्याकडे सही मागता. उद्या भाडं थकलं तर तो मालक माझ्या दारात येणार. हट्ट कशाचा आहे हा? दोघी मिळून एक चूल चालवता येत नाही आणि मोठ्या घरी यायला लाज वाटते. ताई तर काय, जन्माची अडेल. पण तुला तरी कळायला हवं होतं. त्यातलं बरंचसं धाकटीने स्वतःलाच रात्री-बेरात्री ऐकवलेलं होतं. टेप पूर्ण गुंडाळून झाला होता. तिने तो सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

तेवढ्यात ताई आली. दारातूनच तिला घरघर ऐकू आली असावी. चपला न काढता ती आत आली, दोघांकडे न बघता फ्रीजमागे हात घालून तिने प्लग उपसला. घर गप्प झालं.

"कुणी लावला?"

"मी," धाकटी म्हणाली.

"कशाला गं? वीज खायला पाहुणा बोलावला होतास की भाऊ?" मग दादाकडे वळून, "बंदच असतो तो. उन्हाळ्याच्या आधीपासून. तुला सांगणारच होते, पण तू फोनवर आमचं ऐकून घेतोस कुठे?"

"मग दूध कुठे ठेवता? डोक्यावर?"

ताईने खिडकीखालची कुंडी दाखवली. मोठ्या कुंडीत छोटी कुंडी, दोन्हींच्या मधल्या जागेत ओली वाळू, वर ओलं फडकं. खिडकी उघडी, म्हणजे वारा त्यावरूनच जायचा. वाळूतलं पाणी उडून जाताना आतली ऊब घेऊन जातं, असं तिने भाचीला समजवावं तशा आवाजात सांगितलं. मग आतलं भांडं काढून पेलाभर दूध ओतलं आणि त्याच्या हातात दिलं.

"असं जगायचं?" दादा म्हणाला. "कुंडीतलं पिऊन?"

"पी. मग बोल."

त्याने एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. पेला रिकामा करून त्याने तो खाली ठेवला, उठला, कुंडीपाशी जाऊन फडकं बाजूला केलं आणि हात आत घातला. हात बराच वेळ तिथेच राहिला.

ताई फुशारकी मारायला मोकळी झाली होती, पण तिला संधी मिळेना, कारण दादाच विचारत सुटला. पाणी दिवसातून कितीदा घालावं लागतं? वाळू कोणती, बारीक की जाड? कुंडीला आतून रंग असला तर चालतो का? बिल किती उतरलं? ताईने सांगितलं की जवळजवळ अर्ध्यावर आलं. त्याने मान हलवली. हे प्रश्न टोमण्याचे नव्हते, हे धाकटीच्या हळूहळू लक्षात आलं. टोमणे मारणारा माणूस उत्तराची वाट बघत नाही.

तो वाकलेला होता आणि ती त्याच्या मागे उभी होती. सवयीने तिची नजर कपड्यावर गेली. शर्ट चांगल्या कापडाचा, पूर्वीचाच. पण कॉलर उलटवलेली होती. विरलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर. हे काम ती स्वतः आठवड्यातून दोनदा करत असे, त्यामुळे तिला शिवण वाचता येत होती. ही शिंप्याची नव्हती. टाके कुठे मोठे, कुठे लहान, एका टोकाला दोरा तीनदा गुंडाळून कसाबसा तोडलेला. हातात कधी सुई न धरलेल्या माणसाने, पुन्हापुन्हा उसवून, जिद्दीने घातलेले टाके होते ते. दादाच्या घरी असे टाके घालत बसेल असं माणूस एकच होतं, वहिनी.

"एक विचारू?" दादा अजून कुंडीकडेच बघत होता. "यात इन्सुलिन राहील का?"

ताईने दुधाचं भांडं जागेवर ठेवलं. काउंटरपलीकडच्या माणसाला ती कधी कारण विचारत नसे. तिने भावालाही विचारलं नाही.

"टोचायचं चालू पेन राहील. हवा अशीच कोरडी असेपर्यंत. शिल्लक पेनं नको, ती दुकानात आणून दे. तिथला फ्रीज बंद होत नाही. वहिनीला म्हणावं, लागेल तसं घेऊन जा."

"बरं."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. दादाने ओला हात रुमालाला पुसला, खुर्चीवर येऊन बसला आणि खिशातून पेन काढलं.

"आण तो कागद. कुठे करायची सही?"

धाकटी कपाटातून करार घेऊन आली. किती दिवस ती या क्षणाची वाट बघत होती. तिने कागद त्याच्यासमोर ठेवला, जामीनदाराच्या ओळीवर बोटही ठेवलं. त्याने पेनचं टोपण काढलं. हात किंचित ओलसर होता, कागदावर बोटाचा डाग उमटला.

भाडं थकलं तर तो मालक माझ्या दारात येणार.

उलटवलेली कॉलर, इन्सुलिन: त्या दारामागे आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने कागद ओढून घेतला.

"अगं," दादा म्हणाला.

"तू नको."

"मघाशी बोललो ते सोड. मनावर नको घेऊस."

"ते नाही रे." तिने ताईकडे पाहिलं. ताई भिंतीला टेकून उभी होती, हातांची घडी घालून. धाकटीने मशीनच्या खणातलं आपलं पेन घेतलं, कापडावर खुणा करायचं नव्हे, चांगलं, शाईचं. करार ताईच्या नावावर होता. जामीनदाराच्या ओळीवर तिने स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, शाळेत लिहायची तसं. 'नातं' या शब्दापुढे लिहिलं: बहीण. खाली सही केली.

"तो मान्य करणार नाही," दादा म्हणाला.

"विचारते."

"मी येऊ बरोबर?"

"तू बस. ताईकडून वाळूचं नीट समजून घे. पहिल्यांदा पाणी जास्त घातलं की कुंडी गळते." दारात ती थांबली. "आणि हा शर्ट पुढच्या वेळी घेऊन ये. कॉलर पक्की करून देते. वहिनीने बरी लावलीय, पण धुण्यात नाही टिकायची."

दादाचा हात मानेकडे गेला आणि तिथेच राहिला.

वरच्या मजल्यावर मालकाकडे जिना चढताना तिचे पाय रोजच्यासारखेच पडत होते, याचं तिला नवल वाटलं. मागून ताईचा आवाज येत होता. मोठी कुंडी कुठे स्वस्त मिळते आणि कुणाकडे बिलकूल जाऊ नये, हे ती सांगत होती. शाई वाळली नव्हती म्हणून धाकटीने कागद सपाट, दोन्ही तळहातांवर धरला होता. बेल वाजवायला हात मोकळा नव्हता. तिने दारावर कोपराने थाप दिली. मग आणखी एक, जरा जोरात.

घरमालक बनियनवर बाहेर आला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे जिन्यात, तिथे आणखी कुणी आहे का ते.

"झाली का कर्त्या माणसाची सही?"

"झाली," धाकटी म्हणाली, आणि कागद त्याच्यापुढे धरला.