मास्तरांचं ऊन

मास्तरांच्या लेकीला हिरवी भिंत हवी होती.

"पुढच्या खोलीत, सोफ्याच्या मागे, थेट छतापर्यंत," ती फोनवर म्हणाली. ती राहते लांब, परदेशात. "झाडं खरी हवीत, पण पाणी आपोआप, दिवे आपोआप. बाबांना काही करावं लागायला नको. हिरव्यात राहिलं की माणसाला बरं वाटतं, मी वाचलंय."

मीही तेच वाचलं होतं. घरं आतून सजवणं हा माझा व्यवसाय. त्यातही झाडं, लाकूड, उजेड घरात आणायचं काम माझ्या हातचं, निदान फुगी होईपर्यंत तरी होतं. फुगी म्हणजे माझी लेक, सात महिन्यांची. तिचा बाबा बदलीच्या गावी असतो, महिन्यातून एकदा येतो. एरवी घरात बोलणारी मी एकटीच, आणि उत्तराला हुंकार. त्यामुळे हे काम आलं तेव्हा फारसं काही न विचारता हो म्हणून मोकळी झाले.

मास्तरांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि मागच्या खोलीत पडदा ओढून पडून राहू लागले. दुपारी एक बाई येऊन स्वयंपाक करून जाते, तेवढाच माणसाचा वावर. लेकीला धास्ती एकच होती: एक दिवस बाबा त्या खोलीतून उठायचेच नाहीत.

फुगीला पोटाशी बांधून, तीन जिने चढून मी गेले. मास्तरांनी दार उघडलं आणि लगेच पाठ फिरवली. "काय मोजायचंय ते मोजा. मला विचारत बसू नका."

झाडं लावायची तर घरात ऊन कुठून कुठे फिरतं ते आधी बघावं लागतं. मी दिवसभर थांबून उन्हाच्या कडेला चिकटपट्टीचे तुकडे लावते, त्यावर वेळ लिहिते. पण फुगीने तासाभरात घर डोक्यावर घेतलं. शेवटी मी कागदी चिकटपट्टीचं रीळ मास्तरांच्या हातात ठेवलं.

"एवढं कराल का मास्तर? दर तासाला ऊन जिथवर आलं असेल तिथे एक तुकडा. मी येईपर्यंत लावत राहा."

"माझे गुडघे बघितलेत?"

"चाळीस वर्षं लोकांच्या पँटची उंची मोजलीत, तेव्हा कुठे होते गुडघे?"

ते हसले नाहीत. पण रीळही परत दिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी जायचं होतं. संध्याकाळी फुगीला ताप भरला. तिचा उतरला तर मला चढला. आठवडा कुठे गेला कळलं नाही, मग दुसरा गेला. मास्तरांच्या लेकीला मी मेसेज टाकला होता, पण मास्तरांना कळवायला हवं हे डोक्यातच आलं नाही. त्यांनी ते रीळ केव्हाच कोपऱ्यात भिरकावलं असेल असं मी धरून चालले होते.

एकोणिसाव्या दिवशी गेले, तर पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीभर पांढऱ्या पट्ट्या, एकीला लागून दुसरी. प्रत्येकीवर शिंप्याच्या बारीक अक्षरात तारीख आणि वेळ.

"रोज लावल्यात?"

"तुम्हीच म्हणालात ना, मी येईपर्यंत."

खरं तर एका दिवसाचंच काम होतं.

"ऊन आटतं," मास्तर म्हणाले. "पहिल्या धुण्यात कापड आटतं तसं, रोज बोटभर. सकाळी इथे असतं, अकराला मधल्या बोळात, चारला स्वयंपाकघरात. मी आपला त्याच्या मागे मागे. दुसरं रीळ आणलं मी. खाली जाऊन."

मागच्या खोलीत एकही पट्टी नव्हती. तिथे ऊन येतच नाही. म्हणजे एकोणीस दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मास्तर तिथे नव्हते.

घरी आल्यावर त्यांच्या लेकीला फोन केला.

"कॅमेऱ्यात बघत होते मी," ती म्हणाली. पुढच्या खोलीत तिने एक कॅमेरा लावून घेतलाय. "बाबा जमिनीवर रांगत होते. म्हटलं, डोकं फिरलं यांचं! फोन केला तर म्हणाले, मला काम आहे, ठेव. त्यांनी माझा फोन कापला, माहितीये?" ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही.

"मग भिंत नको करूया," मी म्हटलं. "तिला कोणीच लागत नाही. सगळं आपोआप. ती उभी राहिली की मास्तर परत आत जाऊन पडतील."

"मला निदान काहीतरी जिवंत दिसलं असतं हो. बाबा आत असले की मी इथे रिकामा सोफा बघत बसते."

मी चाकांच्या मांडणीचं चित्र काढून तिला पाठवलं. कमरेएवढी, वाकावं लागू नये अशी. वर तीन कुंड्या: पुदिना, सदाफुली, लिंबाचं रोप. तिघांनाही ऊन हवं, आणि ऊन एका जागी थांबत नाही.

सुतार डोकं खाजवत म्हणाला, "ताई, झाडांना फिरायला नेणार की काय?"

"रोज तीन वेळा."

"आमच्या सासऱ्यांना कोणी एकदा नेत नाही."

मांडणी आली त्या दिवशी मी दोघांसाठी थर्मासमधून चहा नेला होता. म्हटलं, मास्तरांना नीट समजवायला वेळ लागेल. वेळ लागलाच नाही. त्यांनी एक चाक कुरकुरतंय म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडलं, लिंबाची कुंडी उजेडाकडे वळवली, पुदिन्याची माती बोटाने दाबून पाहिली. लेकीचा फोन वाजला तसा कॅमेऱ्याकडे न बघताच म्हणाले, "अगं, दिसतंय ना तुला? मग बघ की."

चहा माझ्या हातातच होता. "गुरुवारी एकदा येऊन जाऊ का? झाडं कशी आहेत ते बघायला?"

"कशाला? लेकराला घेऊन तीन जिने चढायचे. मी आहे ना." त्यांनी वर पाहिलंही नाही. "जाताना दार ओढून घ्या. पुदिन्याला वारा लागतोय."

दार ओढून घेतलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले असेन, तोच वर चाकांची घरघर ऐकू आली. बोळातून स्वयंपाकघराकडे. कठड्याला धरून, आवाज थांबेपर्यंत मी उभी राहिले. चार वाजले असणार. फुगी छातीवर डोकं टाकून गाढ झोपली होती, आणि सांगायला जागं असं दुसरं कोणी नव्हतं.