उगाची चौकी

बाबांना शेवटी सगळं कळलं, आणि त्यानंतर तीन दिवस ते घरात कोणाशी चकार शब्द बोलले नाहीत. पण हे घडलंच नाही असं आपण धरून चालू. धाकटाही तसंच धरून चालला होता आणि काही आठवडे त्याचं झकास निभावलं.

धाकटा म्हणजे घरातलं शेंडेफळ. वय सत्तावीस, धंदा नकाशे काढण्याचा. त्याचे बाबा बस आगारात वेळापत्रकं लिहून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी जगाला गावोगाव धाडलं आणि स्वतः कुठं म्हणून गेले नाहीत. जाऊया म्हटलं की उत्तर ठरलेलं, "उगाच कशाला?" पंखा लावला तर उगाच, बंद केला तर उगाच. त्यामुळे ताई आणि धाकटा त्यांना पाठीमागे उगाचराव म्हणत. पाठीमागे म्हणजे अक्षरशः पाठीमागे. बाबांची पाठ वळायची खोटी.

असे हे बाबा एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाले, "आपण गाडीने रानात जाऊ."

ताईने कप खाली ठेवला. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"चार दिवस. तुझी गाडी, धाकटा चालवेल. मी वेळ बघेन."

हे खूळ नकाशामुळे शिरलं होतं. वनप्रदेशाचा मोठा नकाशा धाकट्याने काढला होता, त्याचं असं एकट्याचं ते पहिलंच काम. छापील प्रत त्याने घरी आणली तेव्हा कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. बाबांनी ती पलंगासमोर भिंतीला लावली आणि लोक पेपर वाचतात तशी रोज भिंगाने वाचायला घेतली. त्या रानातून एके काळी दोन राज्यांची सरहद्द जायची. लाकूडतोडे, बैलगाड्यांतून संसार घेऊन आलेली माणसं, ओंडक्यांच्या चौक्या, रात्रभर पेटत्या शेकोट्या. बाबांनी ग्रंथालयातून पुस्तकं आणून सगळं वाचून काढलं. आणि ऐन रानात, जिथे लाकूडतोडेही फिरकले नव्हते, तिथे नकाशावर एक चिमुकला चौकोन होता, वर निशाण. उगाची चौकी.

"उगा नावाचा पहारेकरी असणार," बाबा म्हणाले. "एकाही पुस्तकात त्याचं नाव नाही. विसरले लोक बिचाऱ्याला. आपण तिथेच मुक्काम करायचा."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. मग ती ठसका लागल्यासारखं करून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथला ठसका बराच वेळ चालला.

धाकट्याच्या कार्यालयात एक रीत होती. प्रत्येक नकाशात एक जागा खोटी घालायची. दुसऱ्या कोणी नकाशा चोरून छापला की ती खोटी जागाही त्याच्या नकाशात जाते आणि चोर सापडतो. तिला 'पिंजरा' म्हणत. पिंजऱ्यांची वही साहेबांच्या कपाटात, कुलपात. पिंजऱ्याला काय नाव द्यायचं ते मात्र काढणाऱ्यावर. ज्या दिवशी धाकट्याला नाव सुचत नव्हतं त्या दिवशी सकाळी त्याच्या नव्या चपला बघून बाबा "उगाच" म्हणाले होते.

आता त्या चौकोनाकडे बाबा निघाले होते. सात तावांवर वेळापत्रक तयार झालं. ६.१० प्रस्थान. ८.४० चहा. ८.५२ चहा समाप्त. ११.०५ निसर्ग, डाव्या बाजूस. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ३.२०, लाल शाईने, दोनदा अधोरेखित: उगाची चौकी. आगारातल्या जुन्या मंडळींना त्यांनी बोलावून नकाशा दाखवला. "माझ्या मुलाने काढलाय. ही चौकी दुसऱ्या कुठल्या नकाशात मिळायची नाही."

ते खरंच होतं. धाकटा दाराआड उभा राहून ते ऐकत होता आणि त्याचे कान असे तापले होते की कोणी त्यावर पापड भाजून घेतले असते.

सगळ्यात वाईट म्हणजे बाबांचं 'उगाच' बंद झालं होतं. पंखा लावा, बंद करा, माणूस खूश.

"सांगून टाक," ताई म्हणाली.

"तू सांग. तू मोठी आहेस."

"नाव कोणी दिलं? मी दिलं?"

"घरात तूच पाडलंस ना ते!"

"घरात पाडलं. छापलं नाही."

धाकटा चपला अडकवून बाहेर सटकला.

दरम्यान बाबांनी वनखात्याला पत्र लिहून चौकीत मुक्कामाची परवानगी मागितली. धाकट्याला वाटलं, सुटलो, तेच कळवतील. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'सदर चौकी दुरुस्तीच्या कामामुळे बंद असून, काम पूर्ण होताच आपणांस कळवण्यात येईल.'

धाकट्याने ते चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी त्यालाच वाटू लागलं, असेलही तिथे चौकी.

"आत नाही तर नाही," बाबा म्हणाले. "बाहेरून बघू. कामगारांसाठी काहीतरी खायला नेऊ."

दुसऱ्या दिवशी धाकटा साहेबांपुढे उभा राहिला. पिंजऱ्याबद्दल बाहेर बोलल्यास नोकरी जाते, म्हणून आधी परवानगी काढायला.

साहेबांनी चष्मा काढला. "पिंजरा कुठे आहे हे उंदराला सांगायचं नसतं."

"साहेब, उंदीर माझे वडील आहेत."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "किती मोठा नकाशा छापणार आहेत ते?"

"छापणार नाहीत. बघायला जाणार आहेत."

"बघायला?" साहेब म्हणाले. तीस वर्षांत नकाशातली जागा बघायला कोणी गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. "घरच्या घरात सांगा. माझ्या कानावर आलेलं नाही."

रविवारी बाबांनी सराव ठेवला. ताईची गाडी दारासमोर उभी होती आणि उभीच राहणार होती. धाकटा स्टिअरिंगपाशी, बाबा शेजारी, मांडीवर वेळापत्रक, हातात घड्याळ. ताई फाटकाशी येऊन उभी राहिली.

"सहा दहा. नीघ."

गाडी निघाली नाही. दहा मिनिटांनी बाबा म्हणाले, "पूल. हळू घे." धाकट्याने ब्रेकवर पाय ठेवला. पंचवीस मिनिटांनी शहर संपलं. समोर शेजारणीचे वाळत घातलेले कपडे हलत होते आणि बाबा त्यांच्याकडे असे बघत होते, जणू रान सुरू झालं होतं.

"आयुष्यात पहिल्यांदा निघतोय बघ," ते म्हणाले. "तू काढलेल्या रस्त्याने."

धाकट्याला तिथून पुढे गाडी नेववेना. "बाबा, ती चौकी नाहीये."

"दुरुस्ती चालू आहे."

"नाहीच आहे. मी मनाने काढली. तशी आमच्यात रीत आहे, चोर पकडायला." मग त्याने पिंजऱ्याचं सगळं सांगितलं. इतकं भरभर की मधले दोन ओढे तसेच गेले.

बाबांनी घड्याळ खिशात ठेवलं. "गाडी बाजूला घे."

गाडी बाजूलाच होती. तरी धाकट्याने उजवीकडचा दिवा लावला, आरशात पाहिलं, चूक कळली, डावीकडचा लावला.

"मग उगा कोण?" बाबांनी विचारलं.

इथे थापेला भरपूर जागा होती. माझे मास्तर, एक मित्र, मेलेला कुत्रा. फाटकाशी ताई खाली बघत होती.

"तुम्ही," धाकटा म्हणाला. "सारखं उगाच म्हणता ना. म्हणून."

"तुम्ही दोघं म्हणता?"

"हो."

"कधीपासून?"

"मी चौथीत होतो."

डावा दिवा टकटकत राहिला. "मी आगारातल्या सगळ्यांना दाखवलं रे," बाबा म्हणाले, एवढंच. मग सात ताव नीट जुळवून, दार न आपटता ते घरात गेले. आपटलं असतं तर धाकट्याला जरा बरं वाटलं असतं.

तीन दिवस. भाजीत मीठ नव्हतं, बोलले नाहीत. पंखा, टीव्ही आणि सगळे दिवे ताईने मुद्दाम एकदम लावून ठेवले, बोलले नाहीत. धाकट्याने नकाशा भिंतीवरून काढायला हात लावला तेव्हा मात्र त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

चौथ्या दिवशी भिंग पुसत ते म्हणाले, "आगारातल्या लोकांना मी आता काय सांगू?"

धाकटा त्या दिवशी कामावर गेला नाही. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने तीन कागद फाडले, चौथा नीट लिहिला, आणि टपालात टाकला.

'प्रति, मा. वनाधिकारी. विषय: दुरुस्तीबाबत. महोदय, उगाची चौकी दुरुस्तीसाठी बंद असल्याचे आपल्या कार्यालयाने लेखी कळवले आहे. तरी सदर दुरुस्तीची सुरुवात पायापासून करण्यात यावी. नकाशा छापून झालेला असल्याने त्यात बदल करणे आता शक्य नाही. करिता नकाशाबरहुकूम जमिनीत आवश्यक तो बदल करून, दर्शवलेल्या जागी ओंडक्यांची एक चौकी, एक निशाण, तसेच उगा नामक एक शूर पहारेकरी (मयत असल्यास हरकत नाही) पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर व्हावा, आणि तसा दाखला अर्जदाराच्या वडिलांच्या नावे, शक्य तितक्या लवकर, घरपोच मिळावा, ही नम्र विनंती.'