केळीच्या चिकाचा डाग

"ह्यो बी ढिलाच," निकानोर मिस्त्री म्हणाला आणि त्यानं पाना पंपाच्या इंजिनावर आपटला.

एर्मेलिंदानं पुढं होऊन झडप दाबणारा रॉकर बोटानं हलवला. टक् टक्. बाकीचे सहा शहाण्यासारखे बसले होते, आणि हे दोन मात्र म्हाताऱ्याच्या दातासारखे हलत होते. स्क्रू पार तळाला टेकला तरी फट काही बुजत नव्हती.

निकानोरनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. चाक हातानं फिरवून बघितलं, टॅपेट बाहेर काढून त्यांची तोंडं चाचपली, कॅमच्या उंचवट्यांवरून नख फिरवलं. सगळं ठाकठीक. इंजिन मात्र चालू केलं की पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखं वाजायचं आणि धूर ओकून बंद पडायचं.

आणि शेतात भात पोटरीत आलेलं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात. दाउले नदी काठ सोडून खाली गेली होती, बांधाबांधाला भेगा पडल्या होत्या. हा आठवडा पाण्याविना गेला की लोंब्या पोचट, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

एर्मेलिंदाचा दीर आब्सालोन याला तर ते फारच चांगलं कळत होतं. तो रोज सकाळी बांधावरून हाक घालायचा.

"काय वहिनी, उठलं का तुमचं म्हातारं इंजिन?"

"उठंल की. तुमी नका काळजी करू."

"मी कशाला करू? नदीचं वळण तेवढं माझ्या नावावर करा, उद्या माझ्या पंपाचं पानी तुमच्या शेतात. घरच्या घरात मिटतंय."

त्या वळणावर नदीला डोह होता. कितीही दुष्काळ पडो, तिथलं पाणी आटत नसे. एर्मेलिंदाचा नवरा फिदेन्सियो होता तोवर आब्सालोननं कधी त्या वळणाचं नाव काढलं नाही. भाऊ मातीआड गेला आणि याला वळण दिसायला लागलं.

निकानोरनं शेवटी रॉकरला खालून रेटणारे आठही पुशरॉड काढून, लांबी ताडायला फळीवर एका ओळीत मांडले. दोन सळया तांदळाच्या दाण्याएवढ्या फरकानं आखूड निघाल्या. टोकं घासून चपटी झालेली.

"घ्या! सापडलं," तो म्हणाला. "फिदेन्सियोनं तेलाबिगर पळवलंय बघ इंजिन. रागवू नगंस, पर तुझा नवरा जरा आळशीच हुता."

"माझा नवरा एक येळ स्वतः जेवायचा न्हाई, पर इंजिनाला तेल घालायचा," एर्मेलिंदा कडाडली. "तोंड सांभाळा काका."

तिनं त्या सळया हिसकावूनच घेतल्या. उन्हात धरल्या. मग फळीवरच्या बाकीच्या बघितल्या, पुन्हा हातातल्या बघितल्या, आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"काका, चिकाचा डाग कुठाय?"

त्या काठावर इंजिन खोललं की आधी केळीचा खुंट तोडून आणतात. पुशरॉड त्यात ओळीनं टोचून ठेवायचे, म्हणजे ज्याचा तो आपल्या जागी परत जातो. केळीचा चीक दोन-तीन दिवस लोखंडाला लागून राहिला की काळं कडं उमटतं, ते रॉकेलनं घासलं तरी जात नाही. फळीवरच्या सहाही सळयांना टोकापासून बोटभर असं कडं होतं. या दोन कोऱ्या होत्या.

"ह्या आपल्या न्हाईतच," निकानोर पुटपुटला.

एर्मेलिंदाला सगळं लख्ख दिसलं. गेल्या रविवारी इंजिन सफाईला खोललेलं होतं, सळया खुंटात टोचलेल्या होत्या, आणि मिस्त्री नव्हता. आब्सालोन प्रार्थनेहून पांढऱ्या शर्टात आला होता, 'बघतो जरा' म्हणत छपरात शिरला होता. आणि ती त्याच्यासाठी कॉफी करायला आत गेली होती! साखर जास्त घातली होती वर. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आब्सालोनचं इंजिन हिच्या इंजिनाच्याच जोडीचं, एकाच दिवशी घेतलेलं, पण त्यानं ते कधी खोललं नव्हतं. वर्षभर टकटकत होतं ते, आणि सोमवारपासून कसं बिनआवाज चालत होतं.

"फौजदाराकडं जाऊ," निकानोर म्हणाला.

"फौजदार यीस्तवर भात वाळंल. पाना द्या इकडं."

आब्सालोनच्या पंपावर त्याचे गडी पाण्याची चारी साफ करत होते, बायको सोइला त्यांचं जेवण घेऊन आली होती. एर्मेलिंदानं कुणाला काही विचारलं नाही. इंजिन बंद केलं आणि वरचं झाकण खोलायला घेतलं.

"ए! ए वहिनी! याड लागलं का?"

"लागलंय. लांब ऱ्हावा, पाना लागंल."

गडी खोरी टाकून जवळ आले. एर्मेलिंदानं झग्याचा घोळ पदरासारखा हाताला गुंडाळून तापलेल्या सळया एकेक उपसल्या. दोन सळयांना काळं कडं होतं.

"ह्ये काय हाय भावजी?"

"त्याल हाय. दुसरं काय असनार?"

"त्याल पुसलं की जातं. पुसा की मग."

आब्सालोननं पुसलं. थुंकी लावून पुसलं. कडं जागचं हललं नाही. तेवढ्यात सोइला पुढं वाकून बघायला लागली.

"आगं बया, ह्यो तर चिकाचा डाग! आवो, तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर पडलाय तसलाच की. आठवडाभर लिंबू घासून माझी बोटं सोलली. तुमी तर म्हनला, देवळात केळीचं खांब बांधलं म्हनून!"

एक गडी फिस्सकन हसला. मग सगळेच हसले. आब्सालोनचं तोंड उतरलं, आणि ते उतरलेलं तोंड एर्मेलिंदानं डोळे भरून बघितलं. तिला त्याची तसूभर दया आली नाही. तिनं आपल्या दोन सळया घेतल्या आणि त्याच्या घासलेल्या त्याच्या पायाशी टाकल्या.

"ह्या तुमच्या. घरच्या घरात मिटलं."

दुपारी तिचं इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. रॉकर तालात हलले, नळातून पाण्याचा लोट पडला आणि भेगांनी तो घटाघटा पिऊन टाकला. बांधावर बसून एर्मेलिंदानं निकानोरला भात, तळलेली कच्ची केळी आणि मासा वाढला.

इतक्यात पलीकडून आवाज आला. टक् टक् टक् टक्. आब्सालोनचं भातही पोटरीतच होतं. त्यानं हट्टानं तेच घासलेले रॉड घालून पंप चालू केला होता.

निकानोरचा घास हातातच राहिला. इंजिनाचे हाल त्याला ऐकवत नसत. "आगं, सळई सुटंल त्याची. वाकडीतिकडी अडकंल, समदं वरचं काम मोडंल. बंद कर म्हनून सांगून येतो."

"बसा, काका."

"पीक जाईल त्याचं!"

"माझं जात हुतं तवा त्यो हाका घालत हुता," ती म्हणाली आणि तिनं त्याची बाही धरून ठेवली. "जेवा. मासा निवतोय."

टकटक वाढत गेली. मग एकदम धाडकन आवाज झाला, आणि पलीकडचा पंप गप्प झाला. आता तिच्या एकटीच्या इंजिनाचा आवाज होता.

निकानोरनं ताट बाजूला सारलं. एर्मेलिंदानं मात्र कढईतला उरलेला मासा आपल्या ताटात ओढला. कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.