आडोशामागचा कौल

मी वीस तोंडांचा फासा बोलतोय. माझ्या गोष्टीत एक राक्षस हाय, त्याच्यावर चालून जाणारे दोन वीर हायत. शेवट काय झाला, सांगा बघू आत्ताच. राक्षस मेला म्हणाल. मेलाच. पण तेवढ्यावर उड्या मारू नका, तुम्ही अर्धंच वळखलंत.

मला अक्षर येत नाय. आकडे येतात, तेपण वीसपर्यंत. एकवीस विचारलंत की मी लोळून पलीकडं जातो.

कुठल्याशा कारखान्यात साच्यातून पडलो. निळा, आवळ्याएवढा. कुरिअरवाल्यानं मला पोलादपुरात समीक्षाच्या हातावर ठेवला. पोरगी मुंबईच्या कंपनीत, पण काम घरून चाललेलं. तिनं वहीभर गोष्ट रचलेली. घाटमाथ्यावर राक्षस, घाटाखाली गाव, गावात दोन वीर. वीर कोण, तर तिची मैत्रीण अंकिता नि शेजारचे सयाजीकाका. हिनं गोष्ट सांगायची, त्यांनी 'मी अमुक करतो' म्हणायचं, नि जमलं का फसलं ते मी ठरवायचं. आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. एवढं सोपं. पण माणसाला सोपं झेपतं कुठं?

काकांचे गुडघे कशेडी घाटात जीप उलटली तवापासून गेलेले. ओट्यावर चढायचं तर भिंत धरायला लागते. म्हणून त्यांनी आपल्या वीराचं नाव ठेवलं मोरू, नि वहीत पहिलं लिहायला लावलं, "गुडघे ठणठणीत." मग काय. मोरू दर रविवारी काय काम नसताना झाडावर चढतोय, ओढ्यावरनं उड्या मारतोय. काका खुर्चीत बसून घामाघूम.

अंकितानं तर घाटाखाली भज्यांची गाडीच लावली. म्हणे दरड पडली की लोक अडकतात, गिऱ्हाईक तोटा नाय. तिकडं राक्षस वाट बघून म्हातारा व्हायला आला, नि इथं कांदा बारीक चिरायचा का जाड, त्याच्यावर मला टाकतात! टाकायच्या आधी ही फुंकर मारणार, काका कपाळाला लावणार. मी काय अंगारा हाय?

समीक्षाची तऱ्हा निराळी. ती लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा आडोसा करायची नि राक्षसाच्या माणसांचा वार लागला का चुकला, ते बघायला मला त्याच्यामागं टाकायची. मी एकोणीस दाखवावे, तर ही बाहेर सांगणार, "नेम चुकला." मेले असते ना दोघं पहिल्याच रविवारी! मी वीस तोंडांनी खरं बोलायचं नि हिनं एका तोंडानं ते फिरवायचं.

तेवढ्यात हापिसाचा निरोप आला, सोमवारपासून मुंबईत हजर व्हा. हातात एक रविवार. समीक्षाचं आजवर सगळं अर्धं. शिवणाचा क्लास अर्धा, गाडी शिकणं अर्धं. ही गोष्ट तरी तिला तडीस न्यायची होती. म्हणाली, आज घाट चढायचाच.

काका म्हणाले, गावदेवीचा कौल घेतल्याबिगर वेस ओलांडायची नाय. गुरवानं देवीला फूल लावायचं, उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर थांब.

वहीत देवीच नव्हती. समीक्षानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, दहाच्या वर आला तर देवीचा हुकूम. पुठ्ठ्यामागं मला टाकला नि म्हणाली, "सतरा. निघा."

मी चार दाखवलेले.

काका हलले नाय. "आडोशाला लागलेला कौल कुठं असतो गो? समोर टाक. नि पडला की कोणी फिरवायचा नाय."

समीक्षानं पुठ्ठा मिटवला. तिच्या हातनं पडताना मला पहिल्यांदाच सगळ्यांची तोंडं दिसली. चौदा दिले, खुशीनं.

घाट चढले. मोरू सगळ्यांच्या पुढं. अंकितानं भज्यांचा झारा ठेवून धनुष्य उचललं, तिच्या बाणांनी राक्षस पार खिळखिळा झाला. मग त्यानं मोरूवर गदा उचलली. समीक्षानं मला सगळ्यांसमोर टाकला. मी चहाच्या कपाला लागलो, फिरलो नि थांबलो. वीस. दुश्मनाचे वीस आले की माणूस संपला, असं वहीत तिनंच लिहिलेलं.

मी खोडकर हाय, कबूल. पण ही खोडी माझी नव्हं.

"काका, कप लागला. परत टाकते," समीक्षा म्हणाली.

काकांनी माझ्याकडं बघितलं. मग आपल्या गुडघ्यांकडं. "कौल हाय. राहू दे."

मोरू संपला. अंकिताच्या पुढल्याच बाणाला राक्षस पडला. समीक्षानं वही मिटली. तिची पहिली पुरी झालेली गोष्ट.

जाताना ती मला काकांपाशी ठेवून गेली. आता फोनवर खेळतात. तुमच्याकडं माझा कोणी भाऊबंद असला तर एवढं करा, त्याचं खरं झाकू नका. पण समोर टाक म्हणायच्या आधी एकदा इचार करा.

परवा समीक्षानं फोनवर विचारलं, काका, नवा वीर कसा लिहू?

काका म्हणाले, "लिही, भिंत धरून चढतो."

उघड्यावरच्या कौलाची काकांनी किंमत मोजली काय, तर मोरूचे दोन ठणठणीत गुडघे.