वीतभर फीत

मित्रांनो, मी एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे. दोन मोठ्या चकऱ्या आणि त्यांच्यामधून सरकणारी तपकिरी फीत, असं माझं रूप. पण माझ्यातलं एक छोटं रबरी चाक माझं नाही. त्या चाकाची आठवण आली की मला अजून अपराधी वाटतं.

तळोज्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या करमणुकीच्या खोलीत मी होतो. संध्याकाळी माझ्याभोवती गर्दी जमायची. मग कॅसेट आल्या. मी कपाटावर गेलो आणि कपाटावरून भंगारात. तिथून मला नेरूळच्या श्यामसुंदरकाकांनी उचललं. इथल्या जुन्या गावांतली लग्नाची गाणी कुणी कुणी फितींवर भरून ठेवली होती. त्या खराब होण्याआधी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम काकांनी निवृत्तीनंतर हाती घेतलं होतं. फिती भरपूर होत्या, वाजवणारं यंत्र नव्हतं.

मी आलो खरा, पण माझं रबरी चाक विरघळून चिकट झालं होतं. हे चाक फितीला दाबून पुढे नेतं. ते नसेल तर मी नुसता डबा. काका महिनोन्‌महिने हिंडले. शेवटी नावड्याला राहीबाईंच्या घरी माझ्यासारखाच एक टेपरेकॉर्डर सापडला. त्याची मोटर जळाली होती, चाक मात्र ठणठणीत होतं.

"न्या," राहीबाई म्हणाल्या. "पन माजी येक फीत हाय, ती आदी वाजवा. माज्या हळदीला माजी आय धवले गायलेली. त्यात ती माजं नाव घेते. आता माज्या प्राचीची हळद हाय, पोरीला आजीचा आवाज ऐकवायचाय."

त्यांची आई रंगूबाई धवलारीण होती, म्हणजे धवले ही लग्नाची पारंपरिक गाणी गाणारी बाई. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. तिचा आवाज तेवढ्या एका फितीत उरला होता.

माझी निगा काकांच्या पत्नी, वैजयंतीकाकू राखायच्या. हळू आवाजात बोलणाऱ्या, स्तोत्र म्हटल्याशिवाय चहा न घेणाऱ्या. देवापाशी दिवा लावला की स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने त्या माझं एकेक चाक पुसत. कधी चुकवलं नाही.

दसरा आला. राहीबाईंची फीत त्याच मुहूर्तावर वाजवायचं ठरलं. काकूंनी मला झेंडूचा हार घातला, ओली हळद आणि कुंकू लावलं. त्या चाकाला तर आवर्जून लावलं. ते दुसऱ्याच्या घरून आलेलं, त्याचा मान मोठा. खरं सांगतो, मी अगदी फुगून गेलो होतो.

"अगं, कापूस फिरवून घे ना एकदा," काका म्हणाले.

"सणाच्या दिवशी कुंकू पुसू? काहीतरीच तुमचं," काकू म्हणाल्या. "उद्या पुसते."

फीत सुरू झाली. रंगूबाईंचा खणखणीत आवाज खोलीत घुमला. काकूंनी हात जोडले. आणि ओल्या कुंकवाला फीत चिकटली. चाकाभोवती गुंडाळत गेली, चुरगळली, तुटली. काकांनी बटण दाबेपर्यंत वीतभर फीत गेली होती. तेवढ्यातच ते नाव होतं. 'राही' म्हणताना रंगूबाईंचा आवाज जरासा कापला होता. ते शेवटचं मी ऐकलं.

काकांनी उरलेली टोकं जोडली आणि सगळं कॉम्प्युटरवर आणि राहीबाईंसाठी कॅसेटवरही उतरवलं. राहीबाई कॅसेट न्यायला आल्या. राहीबाईंनी गाणं ऐकलं. सांधा आला, गेला.

"माझ्या हातून झालं हो," काकू रडू लागल्या. "मी कुंकू पुसलं नाही."

"मशिनीचं कुंकू पुसल्यानं मशिनीचा नवरा नाय मरत, बाय," राहीबाई म्हणाल्या. त्यांचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं. "रडू नको गो. तितं आय खोकललीच होती. मना आठवतंय ना."

काका, काकू आणि मी, आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, तिथे खोकला नव्हता.

मार्गशीर्षात काकू हळदीला जाऊन आल्या आणि साडीही न बदलता माझ्यासमोर बसल्या. काकांना म्हणाल्या, "अहो, कॅसेट लावली होती. प्राची अगदी कान देऊन ऐकत होती. सांधा आला, आणि राहीबाईच मोठ्याने खोकल्या. मग हसून म्हणाल्या, बघ, आजी तुजी खोकलली."

तेव्हापासून दसऱ्याला कुंकू माझ्या झाकणाला लागतं, आत नाही. आत फक्त कापूस फिरतो, दिवा लावल्यावर रोज. काकू म्हणतात, हीच पूजा.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल, एखादी जुनी फीत असेल, तर तिला हार घालू नका असं मी म्हणणार नाही. हार आम्हालाही आवडतो. पण आधी हळुवार पुसा. आमच्या पोटात कुणाचं तरी नाव असतं. ते मी एकदाच ऐकलं, आणि आता कितीही चाकं फिरवली तरी मला ते म्हणता येत नाही.